मधले तीन आठवडे

माझ्या नाकाची डावी पुडी आज दिसते ती माझ्याच कपाळाच्या कातडीची आहे, आणि तिच्या आत माझ्याच कानातली कूर्चा, म्हणजे कानातलं ते लवचीक मऊ हाड, आहे. हे सांगितलं की लोक आधी नाकाकडे बघतात, मग कपाळाकडे, मग कानाकडे, आणि विचारतात, "खूप दुखलं असेल नं?" दुखलं, पण गोळ्यांनी आटोक्यात राहील इतकंच. मला बोलायचं आहे ते मधल्या काळाबद्दल. पहिलं मोठं ऑपरेशन झालेलं असतं, दुसरं व्हायचं असतं, आणि भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा एक जाड देठ तोंडावर घेऊन माणूस घरी बसलेला असतो. साधारण तीन आठवडे. डॉक्टरांनी फोटो दाखवले होते, समजावूनही सांगितलं होतं. पण त्या दिवसांत झोपायचं कसं, चष्मा लावायचा कसा, दार वाजलं तर उघडायचं कोणी, हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या बाईला ते आधी कळावं म्हणून हे लिहिते आहे.

नागपूरच्या महाल भागात आमचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीन दाराशी, उजेडात. चमकीच्या भोकाशेजारी एक काळपट दाणा आला तेव्हा वाटलं, फिरकी लागली असेल. खपली धरायची, चेहरा धुताना ती निघायची, थेंबभर रक्त यायचं, पुन्हा खपली. नेहमीच्या दवाखान्यातून मलम मिळालं, मग दुसरं मलम, मग "चमकी काढून ठेवा" असा सल्ला. चमकी काढली, दाणा होता तिथेच राहिला. त्याची कडा मात्र हळूहळू उचलल्यासारखी, चकचकीत झाली. शेवटी सूनच म्हणाली, "आई, हे काही बरं होऊन राहिलं नाही. चला, धंतोलीत स्किनच्या डॉक्टरला दाखवू."

त्या डॉक्टरबाईंनी दिव्याच्या भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि त्याच दिवशी बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: बेसल सेल कार्सिनोमा. कातडीचा कॅन्सर. ह्यांचे तर पायच लटपटले. डॉक्टरबाईंनी आम्हाला दोघांना बसवलं आणि जे सांगितलं ते मी शब्दशः लक्षात ठेवलं आहे, कारण त्या रात्री त्याच्याच आधारावर झोपले. हा कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरणं फार क्वचित घडतं. पण जिथे आहे तिथे तो खात जातो. कातडी, कूर्चा, वेळ दिला तर हाडसुद्धा. गोऱ्या लोकांत हा फार आढळतो, आपल्याकडे कमी. आपल्या कातडीत तो बऱ्याचदा काळ्या रंगाचा असतो, म्हणून तीळ किंवा चामखीळ समजून राहून जातो. वर्षानुवर्षांच्या उन्हाचा त्याच्याशी संबंध आहे, आणि नाक हे चेहऱ्यावर उन्हाला सगळ्यात पुढे असतं.

मग प्लास्टिक सर्जन. माझा पहिला प्रश्न तोच, जो कुणीही विचारेल: "नाक कसं दिसेल?" सर म्हणाले, "ते नंतर बोलू. आधी गाठ पूर्ण निघाली का, ते पाहू." त्या वेळी मला हे उत्तर कोरडं वाटलं होतं. आज वाटतं, सगळ्या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं. गाठ काढताना तिच्याभोवतीची काही मिलिमीटर चांगली दिसणारी कातडीही काढतात. तिला सगळे 'मार्जिन' म्हणतात. काढलेल्या तुकड्याच्या कडांना दोरे बांधून वर कुठलं, खाली कुठलं हे खुणावतात आणि पॅथॉलॉजीत पाठवतात. सगळ्या कडा स्वच्छ आल्या तरच पुढचं. काही ठिकाणी थर काढून तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मग पुढचा थर काढतात. त्या पद्धतीला मोह्‌ज सर्जरी म्हणतात. माझ्या वेळी गाठ काढली, जखमेवर ड्रेसिंग केलं आणि रिपोर्टची वाट पाहिली. नाकावर खड्डा घेऊन वाट पाहणं अवघड जातं, पण घाईने वरून नवी कातडी बसवली आणि खाली गाठीची मुळं राहिली, तर ती झाकली जातात आणि लवकर कळतही नाहीत. म्हणून कुणी म्हणालं की "एकाच दिवसात सगळं उरकून टाका", तर कडा कशा तपासणार ते आधी विचारा.

माझ्या कडा स्वच्छ आल्या. डावी पुडी जवळजवळ गेली होती, शेंड्याचाही काही भाग. आतलं अस्तर शाबूत होतं, हे नशीब. सरांनी कागदावर काढून दाखवलं की नाकाला तीन थर असतात: आत ओलसर अस्तर, मध्ये आधार, वर कातडी. जे गेलं असेल ते सगळं परत द्यावं लागतं. लहान खड्डा असता तर कानामागची कातडी लावून भागलं असतं, फक्त पुडी असती तर कदाचित गालाची चालली असती. शेंडाही गेल्यामुळे कपाळ. कपाळाची कातडी रंगाने आणि पोताने नाकाशी सगळ्यात जवळची असते आणि तिला रक्त पुरवणारी धमनी भुवईच्या आतल्या टोकाशी वर चढते. ती धमनी न तोडता कातडीची पट्टी उचलायची, फिरवून खाली नाकावर आणायची, आणि नाकाकडून नवीन रक्तवाहिन्या तिच्यात शिरेपर्यंत तो देठ तसाच ठेवायचा. म्हणून ते तीन आठवडे.

एका गोष्टीवर मी अडून बसले. सर म्हणाले, पुडीची थोडी चांगली कातडी उरली आहे, तीही काढावी लागेल. मी म्हटलं, कॅन्सर नाही तर कापता काहून? त्यांनी सांगितलं की नाकाचे नऊ भाग मानतात: शेंडा, दांडा, दोन्ही बाजू, दोन्ही पुड्या, मधला खांब आणि पुड्यांच्या टोकाशी दोन इवलेसे त्रिकोण. एखाद्या भागाचा अर्ध्याहून जास्त हिस्सा गेला असेल, तर उरलेलाही काढून तो भाग अख्खा नवीन करतात, म्हणजे टाक्यांची रेघ दोन भागांच्या मधल्या नैसर्गिक खाचेत जाते. मला पटलं ते माझ्या धंद्यामुळे. ब्लाउजच्या बाहीला भोक पडलं तर मधोमध ठिगळ लावलेलं लांबून दिसतं. अख्खी बाही बदलली तर शिवण खांद्यावर जाते आणि कुणाला कळत नाही. बर्गेट आणि मेनिक या दोन अमेरिकी सर्जननी 1985 मध्ये हे तत्त्व मांडलं, असं सरांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरने सांगितलं.

आणखी एक चौकशी झाली, नागपुरात ती व्हायलाच हवी: "खर्रा? तंबाखू? गुडाखू? काही असेल तर खरं सांगा." तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि अशी फिरवलेली कातडी काळी पडू शकते. माझ्या आधी बसलेल्या एका भाऊंना खर्रा सोडून मगच या म्हणून परत पाठवलं. ते चिडले होते. पण चिडून का होईना, ते सोडणं गरजेचं आहे.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तो तरुण डॉक्टर मापं घ्यायला आला. हा भाग मी कधी विसरणार नाही. त्याने टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाची चंदेरी पन्नी घेतली, ती माझ्या उजव्या, चांगल्या पुडीवर दाबून तिचा ठसा घेतला, कात्रीने कापली आणि डाव्या बाजूसाठी पालथी केली. मग भुवईच्या आतल्या टोकावर एक बारीक यंत्र टेकवलं. खोलीत सूं-सूं-सूं असा आवाज सुरू झाला. "ही तुमची धमनी, काकू." तिथे त्याने पेनाने रेघ मारली. भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत गॉजची पट्टी धरली, भुवईवरचं टोक बोटाने दाबून ठेवलं आणि दुसरं टोक गोल फिरवून कपाळावर नेलं. ते केसांच्या रेषेच्या अगदी खाली येऊन थांबलं. तिथे पन्नी ठेवली, खालची बाजू वर करून. कातडी फिरून खाली येणार, म्हणून बेत उलटा. मी म्हटलं, "बाळा, अर्धा मिलिमीटर जास्त धर, कातडी आकसत असेल." तो हसला आणि म्हणाला, "इथे बरोबर मापाचीच धरतात काकू, पण तुमचा प्रश्न बरोबर आहे."

त्यानेच मग पुण्याची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी होता, कागदोपत्री त्याचं नाव कावसजी. टिपू सुलतानाबरोबरच्या लढाईत तो कैद झाला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या, विटा-मडकी करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकावर बसवून माप घेतलं, तो सपाट करून कपाळावर ठेवला, तेवढी कातडी भुवयांमध्ये जोडलेली ठेवून फिरवली. वर पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून चिकटवला. मधला देठ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायचे. 1794 मध्ये ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आली आणि 1814 मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जनने ती वाचून तिकडे तेच ऑपरेशन केलं. त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुताने गालाच्या कातडीचं नाक सांगितलं आहे. माप झाडाच्या पानाने घ्यायचं आणि श्वासासाठी नाकात दोन नळ्या ठेवायच्या. पान, मेण, पन्नी. त्या पुण्याच्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पूर्ण भूल होती. कानाच्या वाटीतली कूर्चा काढून पुडीच्या कडेला बसवली. पुडीच्या कडेत मुळात कूर्चा नसते, तरी नव्या पुडीला ती द्यावी लागते. नाहीतर जखम भरताना कड वर ओढली जाते किंवा श्वास घेताना आत बसते. कपाळाची जखम खालच्या भागात ओढून शिवली, वर केसांजवळचा थोडा भाग शिवता आला नाही. तो उघडाच ठेवला. उघडी जखम बघून मी घाबरले, पण ती ड्रेसिंगखाली आपोआप भरली, आणि खरं सांगायचं तर आज शिवलेल्या भागाइतकीच बरी दिसते.

पहिल्या रात्री सिस्टर ठरावीक वेळाने येऊन बॅटरीच्या उजेडात नव्या नाकावर बोटाचं टोक टेकवायच्या, सोडायच्या आणि मनात मोजायच्या. दाबल्यावर फिकं झालेलं पुन्हा दोनेक सेकंदांत भरलं की रक्त नीट वाहतंय. पांढरंच राहिलं तर रक्त येत नाही, जांभळं पडून लगेच भरलं तर रक्त आत येतंय पण बाहेर पडत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर हे ओळखायला नजर लागते. दुसऱ्या दिवशी टोक जरा जांभळट दिसलं तेव्हा त्यांनी लगेच सरांना फोन केला, एक टाका सैल केला आणि रंग सुधारला. मी त्या सिस्टरचे हात धरून रडले.

मग घर, आणि ते तीन आठवडे.

देठाची मागची बाजू उघडी असते, तिच्यातून सुरुवातीला रक्तमिश्रित पाणी पाझरतं. तिच्याभोवती तेलकट जाळीचं ड्रेसिंग हलक्या हाताने गुंडाळलेलं असतं. उशीवर जुनं धोतर घातलं, डोकं उंच ठेवून पाठीवर झोपले. खाली वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. चष्मा नाकावर टेकत नाही, कारण देठ बरोबर तिथूनच जातो. माझं तर सगळं आयुष्य सुईच्या नेढ्यात. हातात भिंग धरून पेपरचे मथळे वाचायचे, बाकी आकाशवाणी. देठ डोळ्याच्या कोपऱ्यात सतत दिसतो आणि पहिले दिवस त्याच्याकडेच लक्ष जातं. आठवडाभरात मन तो वगळायला शिकतं. एक विचित्र गोष्ट: नव्या नाकावर माशी बसली की खाज कपाळाला यायची. नसा अजून कपाळाच्याच असतात. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरेल, म्हणून मुद्दाम सांगते.

नागपुरात फाल्गुन संपता संपता ऊन चढतं आणि गाडीवरच्या सगळ्या मुली डोळे सोडून तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. सगळं शहर तोंड झाकून फिरत असताना मला मात्र बांधता येत नव्हतं. देठावर दाब पडला की रक्त अडतं. ड्रेसिंगला जाताना पदर डोक्यावरून पुढे सैल सोडायचे. रिक्षावाल्याने एकदा आरशात बघितलं आणि गाडी अगदी जपून खड्ड्यांतून काढली, एक शब्द न बोलता. लोक वाईट नसतात, त्यांना फक्त कळत नसतं काय बोलावं.

शेजारच्या वहिनींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. जायचं नाही असंच ठरवलं होतं. सून म्हणाली, "तुम्ही काय चोरी केली आहे का?" गेले. पन्हं, आंब्याची डाळ, बायका नेहमीसारख्या बोलत होत्या, फक्त जरा मोठ्याने. वहिनी करंडा घेऊन माझ्यापुढे आल्या आणि त्यांचा हात हवेतच थांबला. कपाळ म्हणजे सगळी पट्टी, त्याखाली तो देठ. कुंकू लावायचं कुठे? मी काही बोलायच्या आत त्यांच्या सासूबाई, वय नव्वदीच्या घरात, खुर्चीतून म्हणाल्या, "अवं, भांगात लाव नं. भांग तर हाय तिचा जाग्यावर." वहिनींनी भांगात लावलं. त्यानंतर मी त्या मधल्या काळात एकही दिवस दाराआड बसले नाही. गिऱ्हाइकं आली तर स्वतः उठून बोलले. लहान मुलं सरळ विचारतात, त्यांना सरळ सांगितलं: "इथली कातडी तिथे लावली आहे, ती रुजली की मधलं काढून टाकणार."

दुसरं ऑपरेशन छोटं. जागेवर इंजेक्शन देऊन देठ कापला, भुवईचं आतलं टोक मूळ जागी बसवलं, नाकावरचं टोक पातळ करून शिवलं. त्याच दिवशी घरी. पण नवं नाक म्हणून आरशात जे दिसतं ते सुजलेलं, फुगीर असतं आणि इथे बऱ्याच जणांचा धीर सुटतो. सूज उतरायला महिने जातात, वर्षही लागतं. माझी पुडी पुढे एकदा आतून पातळ करावी लागली. देठ कापल्यावर ती बधिर झाली होती. जाणीव हळूहळू परत आली, आता गार-गरम कळतं. कपाळाच्या वरच्या भागातले दोन-चार बारीक केस नाकावर उगवतात, ते चिमट्याने काढते. चमकी? सरांनी त्या पुडीला पुन्हा टोचायला मनाई केली आहे. आईची सात खड्यांची चमकी होती ती सुनेला दिली. तिला शोभते.

खर्चाचं सांगायचं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आहेत. रुग्णालय योजनेत आहे का, आणि पुनर्रचनेचे पुढचे टप्पे त्यात बसतात का, हे पहिल्याच दिवशी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. टप्पे दोन किंवा तीन असतात, एकाचीच तयारी करून जाऊ नका. आणि तपासण्या चुकवू नका. एकदा हा कॅन्सर झालेल्याला दुसरीकडे नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून मी ठरल्या वेळी जाऊन मान, कान, पाठ सगळं दाखवून येते. मशीन दारातून आत हलवलं आहे, दुपारी बाहेर पडायचं झालं तर सनस्क्रीन आणि आता स्कार्फही.

डिस्चार्ज कार्डावर "डोकं उंच ठेवा" एवढी एकच ओळ होती. माझं म्हणणं असं की अशा प्रत्येक पेशंटला आधी एका जुन्या पेशंटशी गाठ घालून द्यावी. हे मी सरांना स्पष्ट सांगितलं, आणि तेव्हापासून ते मला अधूनमधून बोलावतात. मागच्या खेपेला काटोलकडची एक बाई होती, संत्र्याच्या बागेत काम करणारी, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. तिने माझ्या नाकाला हात लावून पाहिला, मग कपाळाला. मग विचारलं, "ताई, तेवढे दिवस पोरगं जवळ निजलं तर चालते का? लाथा मारते झोपेत." मी म्हटलं, "नाही, त्याला तेवढे दिवस आजीपाशी निजव." आणि मग आम्ही उशी, शिंक, माशी, सगळं एकेक करत बोलत बसलो.